संक्रमणकाळ आणि घरगुती प्रहसनें

समाजाच्या इतिहासांत कांहीं कालखंड असे येतात कीं, बाप व मुलगा एकाच पंगतीस बसूनहि एका जगांत राहत नाहींत. बापास जें पवित्र वाटतें तें मुलास हास्यास्पद वाटतें, आणि मुलास जें न्याय्य वाटतें त्यांत बापास सर्वनाश दिसतो. अशा काळांत व्याख्यानें होतात, मोर्चे निघतात, कायदे बदलतात, क्वचित् रक्तहि सांडतें. आणि त्याच काळांत लोक रात्रीं जेवण आटोपून हंसण्यासाठीं एकत्र बसतात. वरवर पाहतां ही गोष्ट विसंगत दिसते. देश आंतून धुमसत असतां लोकांना हंसूं कसें सुचतें? आणि सुचतें तर तें हंसणें संकटाकडे पाठ फिरविण्यासाठीं असतें, कीं संकटाकडे पाहण्याचें धैर्य यावें म्हणून? अमेरिकेच्या इतिहासांतील १९५० पासून १९८३ पर्यंतचा काळ या प्रश्नाच्या विचारास फार सोयीचा आहे. त्या काळांत तेथील समाज मुळापासून ढवळून निघाला, आणि त्याच काळांत दूरचित्रवाणीवरील घरगुती प्रहसनें तेथें विलक्षण लोकप्रिय झालीं.

या प्रहसनांना तिकडे सिटकॉम म्हणतात. ठराविक पात्रें, ठराविक दिवाणखाना आणि दर आठवड्यास सुमारें अर्ध्या तासाची एक कथा, असा त्यांचा सांचा असतो. आरंभीं घरांत एखादा घोटाळा होतो, मध्यें तो वाढतो आणि अखेरीस उलगडतो. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ मराठी कुटुंबांच्या ओळखीचे आहेत. मुंबई दूरदर्शननें त्यांस पडद्यावर आणलें आणि दिलीप प्रभावळकरांनीं चिमणराव साकारला, तेव्हां मराठी प्रेक्षकांनीं याच जातीचें प्रहसन आपल्या भाषेंत पाहिलें. या प्रकारांत पात्रांचा स्वभाव सहसा पालटत नाहीं. गेल्या आठवड्यांतील फजिती या आठवड्यांत कोणास आठवत नाहीं. घर मोडत नाहीं, कोणी कायमचें रुसून जात नाहीं. हें स्थैर्य ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील गोष्टींचा अर्थ नीट लागतो.

१९५० सालीं अमेरिकेंतील शंभर कुटुंबांपैकीं सुमारें ९ कुटुंबांत दूरचित्रवाणीचा संच होता. १९६० सालीं हें प्रमाण ८७ च्या आसपास गेलें. दहा वर्षांत एक नवें यंत्र घरोघरच्या बैठकींत येऊन बसलें आणि खुर्च्यांचीं तोंडें त्याच्याकडे वळलीं. दुसऱ्या महायुद्धांत कारखान्यांतून काम केलेल्या असंख्य स्त्रिया युद्ध संपतांच, कांहीं स्वखुषीनें व कांहीं नाइलाजानें, स्वयंपाकघरांत परतल्या होत्या. अशा वेळीं, १५ ऑक्टोबर १९५१ रोजीं, ‘आय लव्ह लूसी’ ही मालिका सुरू झाली. तिची नायिका लूसी ही एका वाद्यवृंदाच्या चालकाची पत्नी. नवऱ्याची इच्छा, तिनें घर सांभाळावें. तिची इच्छा, आपणहि रंगभूमीवर चमकावें. दर आठवड्यास तिचें बंड होई आणि दर आठवड्यास तें फसे. ज्यांच्या मनांत तसेंच बंड दबून होतें त्या स्त्रिया तिच्या धाडसास हंसत आणि ज्यांस त्या बंडाची भीति वाटे ते पुरुष तिच्या फजितीस हंसत. हंशा एकच, परंतु त्याचीं कारणें दोन होतीं.

लूसीचें काम करणारी ल्यूसिल बॉल व तिचा नवरा झालेला डेसी आर्नाझ हे प्रत्यक्षांतहि पतिपत्नी होते. आर्नाझ हा जन्मानें क्यूबाचा. गोऱ्या अमेरिकन स्त्रीचा असा परदेशी उच्चाराचा नवरा प्रेक्षक स्वीकारतील कीं नाहीं, याची सी. बी. एस. या प्रक्षेपण-कंपनीस शंका होती. तेव्हां त्या दांपत्यानें १९५० सालीं गांवोगांवच्या रंगभूमीवर आपला खेळ करून दाखविला, आणि प्रेक्षकांनीं टाळ्या वाजवून त्या शंकेचें उत्तर दिलें. पुढें ल्यूसिल बॉल गरोदर राहिली व तें कथेंतहि घ्यावयाचें ठरलें, तेव्हां ‘गरोदर’ हा सरळ शब्द संवादांत उच्चारण्याची मनाई झाली आणि तीं संहितें एक कॅथॉलिक धर्मगुरु, एक प्रॉटेस्टंट धर्मगुरु व एक ज्यू धर्मगुरु यांच्या नजरेखालून घालण्यांत आलीं. १९ जानेवारी १९५३ रोजीं लूसीला मुलगा झाला तो भाग सुमारें ४ कोटि ४० लक्ष लोकांनीं पाहिला. दुसऱ्या दिवशीं राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांचा पदग्रहणसमारंभ झाला. त्यास इतके प्रेक्षक लाभले नाहींत. जी गोष्ट प्रत्येक घरांत घडत होती तिचें नांव घेण्यास एवढी भीड पडावी, आणि तरीहि ती पाहण्यास कोट्यवधि लोक लोटावे, हें त्या काळाचें चित्र आहे. प्रहसन समाजाच्या पुढें मशाल घेऊन चालत नाहीं; समाज ज्या उंबरठ्यावर घुटमळत असतो तेथें तें येऊन उभें राहतें.

पुढील दशकांत तो उंबरठाच हादरला. १९६३ सालीं बर्मिंगहॅम शहरांत समान हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांवर पोलिसांनीं कुत्रे व पाण्याचे फवारे सोडले. १९६४ सालीं नागरी हक्कांचा कायदा झाला. व्हिएतनाममधील युद्ध वाढत गेलें. ४ एप्रिल १९६८ रोजीं मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. ४ मे १९७० रोजीं केंट स्टेट विद्यापीठांत सैनिकांच्या गोळीबारानें चार विद्यार्थी मृत्यु पावले. हें सर्व लोकांनीं बातम्यांच्या वेळीं त्याच पडद्यावर पाहिलें. बातम्या संपल्या कीं, त्या पडद्यावर ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’ दिसूं लागे. रानांत तेल सांपडल्यामुळें एकाएकीं श्रीमंत झालेलें एक खेडवळ कुटुंब धनिकांच्या वस्तींत राहावयास जातें, अशी तिची कथा. ही मालिका पहिलीं दोन वर्षें लोकप्रियतेंत अग्रस्थानीं होती. ‘गोमर पाइल’ या मालिकेचा नायक तर नौसेनेच्या पायदळांतील शिपाई. ती १९६४ पासून १९६९ पर्यंत चालली. परंतु त्याच पायदळाचे हजारों तरुण ज्या युद्धांत मरत होते त्याची सावली त्या छावणीवर जवळजवळ पडलीच नाहीं. १९६८ सालीं ‘ज्युलिया’ या मालिकेंत एक कृष्णवर्णीय परिचारिका नायिका झाली. तिचा नवरा व्हिएतनाममध्यें पडलेला होता. तथापि तिचें नीटनेटकें घर सामान्य कृष्णवर्णीयांच्या वस्तीपासून फार दूर आहे, अशी टीका तिच्यावर झाली.

या काळांतील हंसणें बव्हंशीं पाठ फिरविण्याचें होतें, हें मान्य केलें पाहिजे. मात्र त्यास केवळ भ्याडपणा म्हणणेंहि न्याय्य होणार नाहीं. दिवसभराच्या भयानंतर मनुष्य एखादी जुनी, निर्धोक जागा शोधतो. प्रश्न एवढाच कीं, ती जागा किती दिवस पुरते?

ती १९७१ सालीं पुरेनाशी झाली. त्या वर्षीं सी. बी. एस. नें आपल्या ग्रामीण मालिका, अद्याप पुष्कळ प्रेक्षक असतांहि, एकामागून एक बंद केल्या. इतिहासाच्या अभ्यासकानें येथें भाबडें होऊं नये. कंपनीच्या चालकांस एकाएकीं समाजसुधारणेची तळमळ लागली असें नव्हे. जाहिरातदारांना शहरांतील तरुण, पैसा खर्च करणारा प्रेक्षक हवा होता, आणि त्या तरुणांस खेडवळ विनोदाचा कंटाळा आला होता. बाजाराची गरज व काळाची गरज हीं कधीं कधीं एकाच वाटेनें येतात. तशीं तीं येथें आलीं.

१२ जानेवारी १९७१ रोजीं ‘ऑल इन द फॅमिली’ या मालिकेचा पहिला भाग प्रक्षेपित झाला. तिचे जनक नॉर्मन लिअर. त्यांचा जन्म १९२२ चा. महायुद्धांत ते विमानदळांत होते. २०२३ सालीं, वयाच्या एकशेएकाव्या वर्षीं, ते वारले. मूळ कल्पना इंग्लंडांतील जॉनी स्पाइट यांच्या ‘टिल डेथ अस डू पार्ट’ या बी. बी. सी. च्या मालिकेची. लंडनच्या गरीब वस्तींतील एक चिडखोर, परक्यांचा द्वेष करणारा म्हातारा व त्याचा समाजवादी जांवई यांच्या भांडणांत लिअर यांना आपल्या स्वतःच्या वडिलांचा व आपला वाद ऐकूं आला. ए. बी. सी. या दुसऱ्या कंपनीनें १९६८ व १९६९ सालीं नमुन्याचे दोन भाग करवून घेऊनहि मालिका नाकारली होती.

कथेचें स्थळ न्यूयॉर्क शहराचा क्वीन्स हा भाग. आर्ची बंकर हा गोदींत माल चढविण्याच्या कामावरचा मुकादम. दुसऱ्या महायुद्धांत लढलेला, करांनीं व महागाईनें गांजलेला, आणि आपल्या लहानपणाचें जग कोणीतरी चोरून नेलें आहे अशी पक्की खात्री असलेला. त्याची बायको ईडिथ भोळी, पण अंतःकरणानें घरांतील सर्वांत शहाणी. मुलगी ग्लोरिया, आणि तिचा नवरा माइक. माइक पोलिश वंशाचा, समाजशास्त्राचा विद्यार्थी, युद्धाचा विरोधक. पण राहतो सासऱ्याच्या घरीं व जेवतोहि सासऱ्याच्याच कमाईवर. दिवाणखान्यांत आर्चीची एक खुर्ची. तीवर दुसऱ्या कोणीं बसावयाचें नाहीं. त्या खुर्चींतून तो कृष्णवर्णीयांविषयीं, ज्यूंविषयीं, स्त्रियांविषयीं, समलिंगी पुरुषांविषयीं जें मनांत येईल तें बोले. पूर्वीं प्रहसनांतील घरांत शौचकूप आहे याचीहि जाणीव प्रेक्षकांस होऊं देत नसत. येथें पाणी सोडल्याचा आवाज स्पष्ट ऐकूं येई.

पहिल्या भागापूर्वीं कंपनीनें पडद्यावर सूचना दिली. माणसांच्या दुबळेपणावर व पूर्वग्रहांवर विनोदाचा प्रकाश पाडून त्यांचा मूर्खपणा दाखवावा हा आमचा हेतु आहे, असा तिचा आशय होता. तक्रारींचे दूरध्वनि घेण्यासाठीं जादा माणसेंहि नेमून ठेवलीं होतीं. परंतु अपेक्षित वादळ उठलें नाहीं. प्रथम तर प्रेक्षकहि थोडेच होते. उन्हाळ्यांत तेच भाग पुन्हां दाखविले गेले तेव्हां चर्चा वाढली. आणि १९७१-७२ पासून १९७५-७६ पर्यंत ओळीनें पांच हंगाम ही मालिका देशांत पहिली राहिली. खुद्द राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनीं मे १९७१ मध्यें सहकाऱ्यांशीं बोलतांना, समलिंगी पुरुषाविषयींच्या एका भागाबद्दल नाराजी दर्शविली; तें संभाषण त्यांच्याच कचेरींतील ध्वनिमुद्रणयंत्रानें टिपून ठेवलें आहे. त्या भागांत आर्चीचा एक धट्टाकट्टा, खेळाडू मित्र स्वतःच समलिंगी असल्याचें त्यास सांगतो, आणि ‘तसे’ लोक आपण नुसते पाहून ओळखतों हा आर्चीचा अभिमान गळून पडतो. १९ फेब्रुवारी १९७२ च्या भागांत सॅमी डेव्हिस हा विख्यात कृष्णवर्णीय कलावंत आर्चीच्या घरीं येतो, आणि जातांना छायाचित्र घेतलें जात असतां नेमक्या क्षणीं आर्चीच्या गालाचें चुंबन घेतो. प्रेक्षागृहांतील हंशा थांबेना. जी अस्पृश्यता शतकानुशतकें कायद्यानें व दहशतीनें सांभाळली, ती एका गमतीदार क्षणांत सर्वांदेखत ओलांडली गेली.

मग या हंशानें आर्चीसारखीं माणसें सुधारलीं काय? या प्रश्नावर त्याच वेळीं जोराचा वाद झाला. लॉरा हॉब्सन या लेखिकेनें, जिनें ज्यूद्वेषावर पूर्वीं एक गाजलेली कादंबरी लिहिली होती, सप्टेंबर १९७१ मध्यें ‘न्यूयॉर्क टाइम्स’ मध्यें आक्षेप घेतला. खरा द्वेष्टा याहून कितीतरी विखारी शब्द वापरतो. लिअर यांनीं ते वगळून द्वेषाला धुऊनपुसून गोजिरवाणा केला आहे, असें तिचें म्हणणें. लिअर यांनीं त्याच पत्रांत उत्तर दिलें. १९७४ सालीं विडमार व रोकीच या दोन मानसशास्त्रज्ञांनीं अमेरिकेंतील शाळकरी वयाच्या व कॅनडांतील प्रौढ प्रेक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत असें आढळलें कीं, मालिका बहुतेकांस विनोदी वाटते. परंतु ज्यांच्या मनांत पूर्वग्रह अधिक, त्यांना आर्ची अधिक आवडतो आणि वादांत तोच जिंकतो असें वाटतें. ज्यांच्या मनांत पूर्वग्रह कमी, ते आर्चीलाच हंसतात. लूसीच्या वेळीं जें अस्पष्ट होतें तें येथें उघड झालें. एका दिवाणखान्यांत दोन माणसें शेजारीं बसून एकाच वाक्यास हंसत होतीं, आणि एक हंसत होता तो दुसऱ्यावरच!

हा निष्कर्ष सुधारणेच्या अभिमान्यांस निराश करणारा आहे, आणि तो झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें नव्हे. विनोदानें मतपरिवर्तन होतें ही समजूत फार जुनी व फार गोड आहे. तिला पुरावा मात्र थोडा आहे. पण मत पालटणें हें एकच कार्य नव्हे. ज्या घरांत बाप व मुलगा युद्धाचा विषय निघतांच ताटावरून उठत, तेथें आर्ची व माइक त्या विषयावर अर्धा तास भांडत आणि पुढील आठवड्यांत पुन्हां त्याच मेजाशीं जेवावयास बसत. अबोल्याचा विषय बोलण्याचा झाला. एवढें कार्य लहान नव्हे.

त्याच सुमारास दुसऱ्या मालिकांनीं दुसरीं दारें उघडलीं. १९ सप्टेंबर १९७० रोजीं सुरू झालेल्या ‘मेरी टायलर मूर शो’ ची नायिका तीस वर्षांची, अविवाहित व मिनिॲपोलिस येथील बातम्यांच्या कचेरींत नोकरी करणारी. लेखकांच्या मनांत ती घटस्फोटिता होती. कंपनीस तें पटलें नाहीं, म्हणून तिचा वाङ्निश्चय मोडल्याचें दाखविलें. १९७२ च्या एका भागांत तिला कळतें कीं, आपल्या जागीं पूर्वीं असलेल्या पुरुषास आठवड्यास ५० डॉलर अधिक मिळत. साहेबांचें उत्तर : त्याला कुटुंब होतें. समान वेतनाचा कायदा १९६३ सालींच झाला होता. पण कायदा आणि कचेरी यांत किती अंतर असतें, हें त्या एका उत्तरानें दाखविलें. लिअर यांच्याच ‘मॉड’ मालिकेंत, नोव्हेंबर १९७२ मध्यें, ४७ वर्षांची नायिका अनपेक्षितपणें गरोदर राहते व गर्भपाताचा निर्णय घेते. वीस वर्षांपूर्वीं ज्या शब्दास मज्जाव होता त्याचा विषय येथवर आला होता! न्यूयॉर्क राज्यांत त्या वेळीं तो कायदेशीर होता. सर्वोच्च न्यायालयाचा देशव्यापी निर्णय मात्र २२ जानेवारी १९७३ रोजीं, म्हणजे दोन महिन्यांनंतर लागला. तेच भाग १९७३ च्या उन्हाळ्यांत पुन्हां दाखवावयाचे ठरले तेव्हां कित्येक स्थानिक केंद्रांनीं ते दाखविण्याचें नाकारलें. तोच सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय त्याच न्यायालयानें २०२२ सालीं रद्द केला; यावरून तो वाद पन्नास वर्षांनींहि शमला नव्हता हें दिसतें. आर्चीचे कृष्णवर्णीय शेजारी जेफर्सन १९७५ सालीं स्वतःच्या मालिकेंत गेले, आणि कपडे धुण्याच्या धंद्यांत यश मिळवून मॅनहॅटनच्या उंच इमारतींत राहूं लागले.

युद्धाचें दार सर्वांत उशिरां व आडवाटेनें उघडलें. १७ सप्टेंबर १९७२ रोजीं ‘मॅश’ ही मालिका सुरू झाली, तेव्हां व्हिएतनामचें युद्ध चालूंच होतें. म्हणून कथा वीस वर्षांपूर्वींच्या कोरियांतील लष्करी रुग्णालयाची घेतली. नांव कोरियाचें, वेदना व्हिएतनामची, हें प्रत्येक प्रेक्षक जाणून होता. इतर प्रसंगीं कृत्रिम हंशा मुद्रित करून जोडीत. शस्त्रक्रियेच्या दालनांत मात्र तो नसावा, असा निर्मात्यांचा आग्रह होता व तो मान्य झाला. १८ मार्च १९७५ च्या भागांत सर्वांचा लाडका प्रमुख सेवामुक्त होऊन घरीं निघतो, आणि अखेरीस बातमी येते कीं त्याचें विमान पाडलें गेलें. तें शेवटचें पान नटांनाहि चित्रणाच्या वेळींच देण्यांत आलें. पुढें सहा आठवड्यांत, ३० एप्रिल रोजीं, सायगांव पडलें. प्रहसनांत कोणी मरत नाहीं, हा अलिखित नियम येथें मोडला, आणि असंख्य प्रेक्षक दुखावले. परंतु ज्या घरांतील मुलगा परत आला नव्हता त्या घरास तो नियम पूर्वींच खोटा ठरला होता. २८ फेब्रुवारी १९८३ रोजीं या मालिकेचा अखेरचा भाग सुमारें १० कोटि ६० लक्ष लोकांनीं पाहिला. कोरियाचें युद्ध तीन वर्षें चाललें. त्यावरील प्रहसन अकरा वर्षें.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. संक्रमणकाळांत लोकांना हीं प्रहसनें इतकीं कां आवडावीं? पहिलें कारण त्यांचें स्थैर्य. बाहेर रस्ता, शाळा, कचेरी, सर्व पालटत असतां तो एक दिवाणखाना दर आठवड्यास जसाच्या तसा असतो. तोच कोच, तोच जिना, तीच खुर्ची. दुसरें कारण, परिवर्तन तेथें तत्त्वाच्या रूपानें येत नाहीं, माणसाच्या रूपानें येतें. ‘वर्णसमता’ हा शब्द आर्चीच्या दारावर टकटक करीत नाहीं. शेजारचा मुलगा करतो. शब्दाला शिवी देणें सोपें असतें, दारांत उभ्या असलेल्या मुलाला ‘आंत ये’ न म्हणणें अवघड असतें. तिसरें कारण सोबतीचें. ‘ऑल इन द फॅमिली’ प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर मुद्रित होत असे; तो हंशा घरच्या एकट्या प्रेक्षकास सांगे कीं, हा घोळ केवळ तुझ्या घरांत नाहीं, तो सर्वत्र आहे. घाबरलेल्या माणसास उपदेशापेक्षां एवढ्या धीराची गरज अधिक असते.

परंतु याच गुणांत त्याचा दोषहि आहे. जें घर कधीं मोडत नाहीं त्यांत कोणास फारसें बदलावेंहि लागत नाहीं. आर्ची अखेरपर्यंत आर्चीच राहिला, किंचित् मवाळ झाला इतकेंच. प्रत्यक्षांत ज्यांना शेजार नाकारला गेला, ज्यांना कमी वेतन मिळालें, त्यांच्या हानीचा उलगडा अर्ध्या तासांत होत नव्हता. न्याय विधिमंडळांत, न्यायालयांत व रस्त्यावर मिळवावा लागला. तो हंशानें आणला नाहीं. हंशानें केलें तें इतकेंच कीं, भांडणारीं माणसें एका छपराखालीं बसतीं ठेवलीं. तीं तशीं बसतीं राहिलीं नसतीं तर न्यायाची गोष्ट कोणीं कोणास सांगावयाची, हाहि प्रश्न उरतोच.

आर्चीची ती खुर्ची १९७८ सालीं वॉशिंग्टन येथील स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहालयास देण्यांत आली, आणि तिच्याजवळची ईडिथची खुर्चीहि. राष्ट्राच्या ठेव्यांत एका चिडखोर मुकादमाची झिजलेली खुर्ची ठेवावी, ही गोष्ट चमत्कारिक दिसते खरी. पण त्या दोन खुर्च्यांसमोर एका पिढीच्या बापांनीं व मुलांनीं आपलें भांडण पाहिलें होतें, आणि तें पाहून झाल्यावर बहुतेक एकत्रच उठून झोपावयास गेले होते.